किनाऱ्यावर बंगला घेताना: अलिबाग पट्ट्यात कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत समुद्राजवळ जागा बघायला येणारी माणसं एकाच क्रमाने चुकतात. आधी सूर्यास्त बघतात, मग विसार देतात, मग सातबारा मागतात. सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र, म्हणजे समुद्राजवळच्या बांधकामावरचे केंद्र सरकारचे निर्बंध) हा शब्द सगळ्यात शेवटी, आर्किटेक्टने विचारल्यावर कानावर पडतो. आमची वाडी नागावला, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक जागा बघायला आले की मला सोबत ओढून नेतात. दोन-चार कोटींचा व्यवहार करणारी, एरवी हिशेबी माणसं इथे चिकूच्या पेटीला लावतात तेवढीही घासाघीस न करता पैसे देऊन मोकळी होतात. खालचा क्रम त्यांच्यासाठी आहे. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

सुरुवातीआधीची तयारी

तीन माणसं लागतात आणि तिघंही एजंटने सुचवलेली नकोत. पहिला वकील, तोही अलिबागच्या कोर्टात आणि तहसील कचेरीत रोज पाय घासणारा. मुंबईचा मोठा वकील करार सुंदर लिहितो, पण १९५७ सालचा फेरफार (मालकीबदलाची महसुली नोंद) वाचताना अडखळतो. दुसरा आर्किटेक्ट, खरेदीनंतर नव्हे, खरेदीच्या आधी. तिसरा माणूस गावातला, ज्याला या व्यवहारात एक पैसाही मिळणार नाही असा.

वेळ किमान सहा महिने धरा. त्यात एक पावसाळा आला तर उत्तम. “दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय” असं कळलं, तर त्या दुसऱ्या पार्टीला शुभेच्छा द्या.

टप्पा १: कागदाआधी भरती बघा

कोळी लोकांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या सुमाराला पाणी चढलेलं असतं. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मुळातच कमी चढतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण.

आता रविवारी दुपारी बाराला, अष्टमीच्या दिवशी जागा दाखवली, तर काय दिसेल? लांबच लांब पुळण आणि कुठेतरी दूर समुद्र. पुण्याच्या एका जोडप्याला असंच दाखवलं होतं. ताईंनी चप्पल काढून दीडशे पावलं मोजली आणि खूश झाल्या. मी कुंपणाजवळच्या सुरूंकडे बघत होतो. समुद्राकडच्या ओळीतली मुळं गुडघाभर उघडी पडली होती आणि वाळूत अर्धवट गाडलेल्या जुन्या गोण्या दिसत होत्या. म्हटलं, आषाढातल्या अमावस्येला दुपारी या. ते आले तेव्हा पाणी त्याच सुरूंच्या बुंध्यांना लागत होतं आणि कुंपणाचा एक खांब तिरका झाला होता. परत जाताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

म्हणून दोन भेटी सक्तीच्या: एक उधाणाला दुपारी बाराला, दुसरी भर पावसाळ्यात. दोन्ही वेळा शेजारच्या वाडीतल्या वयस्कर माणसाला दोनच प्रश्न विचारा. गेल्या वीस वर्षांत किनारा किती आत आला? आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पाणी कुठवर आलं, किती माड पडले? लोक बोट दाखवून सांगतात.

तपासा: जवळपास सरकारने दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधलाय का? असेल तर किनारा खचतोय, हे सरकारलाही मान्य आहे.

तपासा: विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखा. दिवाळीत सगळ्याच विहिरी गोड असतात. मेमध्ये मचूळ लागलं तर बागेचं आणि घराचं गणित बदलतं.

टप्पा २: सीआरझेडचा नकाशा, सातबाऱ्याच्याही आधी

हा टप्पा उलटा घेतल्यामुळे सगळ्यात जास्त पैसे बुडतात. मालकी शंभर टक्के स्वच्छ असूनही जागेवर काहीच बांधता येत नाही, असं इथे सहज घडतं. तशी जागा निघाली तर निर्वेधतेच्या दाखल्याचा उपयोग नारळ विकण्यापुरता.

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्राच्या उच्चतम भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणात येतो. खाडीच्या काठाला ही मर्यादा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. ग्रामीण भाग ‘सीआरझेड तीन’मध्ये येतो आणि त्याचे दोन प्रकार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तर ‘तीन अ’, तिथे भरती रेषेपासून ५० मीटर बांधकामबंदी. त्याहून विरळ असेल तर ‘तीन ब’, तिथे २०० मीटर. नारळ-सुपारीच्या वाड्यांची गावं इतकी दाट क्वचितच असतात. ५० मीटरची बातमी वाचून आलेल्या गिऱ्हाइकाला एजंट ही अर्धी गोष्ट सांगत नाही.

आमच्याकडच्या वाड्या म्हणजे रस्त्यापासून समुद्रापर्यंत गेलेल्या अरुंद, लांब पट्ट्या. पट्टी २२० मीटर खोल असली तर घर बांधायला हातात उरतात रस्त्याकडचे २० मीटर. समुद्र दिसेल तो माडांच्या झावळ्यांतून, गच्चीत उभं राहिल्यावर. हे चालणार असेल तरच पुढे जा. मला विचाराल तर तेच बरं. पहिल्या ओळीतल्या घरांची खारं वारं काय अवस्था करतं, ते टप्पा ८ मध्ये येईलच.

करायचं असं:

१. गटनंबर (किंवा सर्वे नंबर आणि हिस्सा) घेऊन मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन नकाशावर जागा कुठे पडते ते काढा. कुठला नकाशा सध्या लागू आहे, हे नगररचना कार्यालयातून लेखी घ्या.

२. मोठा नकाशा २५,००० ला १ या प्रमाणात असतो. त्यात तुमचा प्लॉट म्हणजे पेन्सिलीचा ठिपका. खरेदीचा निर्णय घेण्याआधी अधिकृत संस्थेकडून ४,००० ला १ या प्रमाणातला, गटाच्या हद्दीसकट भरती रेषा दाखवणारा नकाशा करून घ्या. खर्च होतो, पण विसाराच्या रकमेपुढे तो किरकोळ आहे.

३. वाळूची टेकाडं आणि खारफुटी शोधा. दोन्ही ‘एक अ’ या सर्वांत कडक वर्गात येतात. खारफुटीचं क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर तिच्याभोवती आणखी ५० मीटर सोडावे लागतात. रेवस, मांडवा, रेवदंडा खाडीकडच्या जागांना हे हमखास लागू होतं. टेकाड जेसीबीने सपाट करून ‘लेव्हल प्लॉट’ म्हणून दाखवतात. ते कृत्य बेकायदा आहे आणि नंतर नोटीस तुमच्या नावावर येते.

थांबा: “शेजारच्याने बांधलंय की” हा पुरावा नव्हे. शेजारच्याचं घर १९ फेब्रुवारी १९९१ ला, म्हणजे पहिली अधिसूचना आली तेव्हा, अधिकृतपणे उभं असेल तर त्याला दुरुस्तीची आणि आहे तेवढंच पुन्हा बांधण्याची सवलत मिळू शकते. तुम्हाला नाही. आणि त्याने तसंच ठोकून दिलं असेल तर मार्च २०१९ आठवा. किहीमच्या किनाऱ्यावरचा प्रशस्त बंगला सुरुंग लावून पाडला, ते आख्ख्या तालुक्याने बघितलंय.

मधेच: एजंटची भाषा

‘सी-टच’ म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण जागा बांधकामबंदीत. ‘सी-व्ह्यू’ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, शेजाऱ्याने मजला चढवेपर्यंत. ‘एनए होईल’ म्हणजे जमीन बिगरशेती (एनए) झालेली नाही. ‘घरपट्टी चालू आहे’ म्हणजे ग्रामपंचायत कर घेते एवढंच, बांधकाम अधिकृत आहे असं नव्हे. आणि ‘मांडव्यापासून दहा मिनिटं’ हे मंगळवारी सकाळी सातला खरं असतं.

टप्पा ३: ही जमीन घ्यायला तुम्ही पात्र आहात का?

शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते. कुळकायद्याच्या कलम ६३ ची अडकाठी आहे. बिगरशेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत मजल जाते. हमखास होणारी चूक अशी: नवरा शेतकरी, गावाकडे सातबाऱ्यावर नाव आहे, आणि खरेदीखतात प्रेमाने बायकोचं नाव सोबत घालतो. तिच्या नावावर कुठे शेतजमीन नसेल तर तिथेच खोडा बसतो. खरेदीदार म्हणून लागणारं प्रत्येक नाव पात्र हवं.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी वेगळी ओळ. अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना शेतजमीन, बागायतीची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भावाच्या नावावर घेऊन ठेवू, हा सल्ला लग्नात कोणीतरी देतंच. तो ऐकू नका, भाऊ कितीही चांगला असला तरी. रहिवासासाठी बिगरशेती झालेली जागा किंवा घर घेता येतं.

टप्पा ४: सातबारा, आणि त्याच्यामागचे फेरफार

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवर भागवू नका, स्वतः काढा. सोबत आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा), आणि कमीत कमी १९५० च्या दशकापासूनचे सगळे फेरफार. जुना कागद मोडी लिपीतला निघाला तर तो वाचणारा शोधा.

वाचण्याचा क्रम:

क्षेत्र. सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर असतं, बोलताना गुंठे. ०.१२.५० म्हणजे साडेबारा आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्याहून जरा मोठा), गुंठ्यात सव्वाबारापेक्षा थोडं जास्त. एजंटने “तेरा गुंठे” म्हटलं तर फरक इथेच पकडा. इथल्या भावात पाऊण गुंठ्याला गाडी येते. विकत घेताय तो तुकडा तुकडेबंदीत (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीवरची बंदी) अडकतो का, तेही इथेच विचारा. हे नियम अलीकडे वरचेवर बदललेत, तेव्हा आजचा नियम वकिलाकडून लेखी घ्या.

भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर पुढे. वर्ग २ असेल तर विक्रीला पूर्वपरवानगी लागते. “नजराणा (त्यासाठी सरकारला द्यायची रक्कम) भरला की होतं” असं म्हणणाऱ्याला सांगा, भरा, परवानगी आणा, मग आपण बसू.

इतर हक्क. लोक हा रकाना चष्मा न लावता बघतात आणि सगळी खोड इथेच असते. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, ‘कलम ४३ चे बंधन’ (कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं), आदिवासी जमिनीचा ३६ किंवा ३६-अ चा शेरा, खाजगी वनाची नोंद, भूसंपादन, कोर्टाची स्थगिती. कलम ४३ चा शेरा काही अटींवर आकारणीच्या ४० पट रक्कम भरून सुटू शकतो. बाकीच्यांतल्या बहुतेकांना सोपी वाट नाही.

नावं. कोकणातला सातबारा म्हणजे कुटुंबाची वंशावळ. एक आजोबा, त्यांची सात मुलं, निम्मे गिरगावात, एक नैरोबीला, तिघं वारलेले, त्यांच्या मुलांची नावं लागलेलीच नाहीत. कंसात गेलेलं, म्हणजे कमी झालेलं, प्रत्येक नाव कुठल्या फेरफाराने गेलं ते शोधा. बहिणींची नावं वगळली असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का? नसेल तर घर बांधून झाल्यावर कोणीतरी आत्या दाव्याचा कागद घेऊन उभी राहते आणि कायद्याने बरेचदा तिचंच बरोबर असतं.

सामाईक जमिनीतला अविभक्त हिस्सा तर घेऊच नका. तुम्ही हिस्सा घेता, जागा नव्हे. वाटप झाल्यावर समुद्राकडची बाजू तुमच्या वाट्याला येईल, असं कुठेही लिहिलेलं नसतं. एजंटने खुंट्या ठोकून दाखवलेली ‘आपली बाजू’ कागदावर नसते.

तपासा: विक्री कुलमुखत्यारपत्रावर होत असेल तर ते नोंदणीकृत आहे का, देणारा हयात आहे का? दोन्हींची उत्तरं कागदावर हवीत. शक्य असेल तर देणाऱ्याला फोन लावा.

टप्पा ५: मोजणी आणि वाट

विसाराआधी हद्द कायम मोजणी. अर्ज भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मालकाच्या नावाने करावा लागतो, पैसे तुम्ही भरा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटिसा गेल्यात याची खात्री करा आणि स्वतः हजर राहा. शेजारी काय कुरकुर करतो ते ऐका, ती कुरकुर फुकटची माहिती असते. शेवटी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्या. समुद्राकडच्या बाजूला नोंदीतलं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नाही, असं होतं. काही आर समुद्राने नेलेले असतात. पैसे जागेवरच्या क्षेत्राचे द्यायचे.

वाट हा स्वतंत्र विषय. मागच्या वाड्यांना बैलगाडीची वहिवाट असते, सिमेंटच्या मिक्सरची नसते. गटाला नकाशात रस्ता लागतो का? नसेल तर ज्याच्या वाडीतून जायचं त्याच्याकडून नोंदणीकृत वाटेचा हक्क घ्या. तोंडी “जा की” हे बांधकाम सुरू होईपर्यंतच टिकतं. आणि तुमच्या जागेतून किनाऱ्यावर जाणारी कोळ्यांची पायवाट असेल, तर ती बंद करायचा विचार डोक्यातून काढा. पुळण कोणाच्या बापाची नसते आणि भांडण तुम्हीच हराल.

टप्पा ६: आता पैसे

इथवर सगळं नीट असेल तर स्थानिक दैनिकांत जाहीर नोटीस द्या, हरकतींसाठी चौदा दिवस ठेवा. नोटिशीत गटनंबर बरोबर छापलाय का ते स्वतः वाचा. त्यानंतर नोंदणीकृत साठेकरार, आणि त्यात अटी स्पष्ट: परवानगी नाकारली गेली तर रक्कम किती दिवसांत परत, हद्दीत फरक आला तर भाव कसा कमी.

मुद्रांक शुल्क रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला जमिनीचा दर) किंवा ठरलेली किंमत, यांतलं जे जास्त त्यावर लागतं. “थोडे रोख” या आग्रहाला बळी पडलात तर नंतर विकताना तीच रक्कम तुमचा नफा दिसते. जागा बिगरशेती असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त, तर १ टक्का टीडीएस कापून भरणं तुमची जबाबदारी. विकणाऱ्यांत कोणी परदेशी राहणारा असला तर दर वेगळा आणि बराच जास्त, तेव्हा सीएला आधी विचारा.

खरेदीखतानंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत काम संपलेलं नाही. पेढे त्यानंतर.

टप्पा ७: बांधकामाची परवानगी

एनए आदेश, प्रादेशिक योजनेतला झोन आणि सीआरझेड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. तालुक्याचा काही भाग मुंबई महानगर प्रदेशाच्या योजनेत येतो, तेव्हा नगररचनाकडून झोन दाखला घ्या. जुना एनए आदेश दाखवला तर तारीख, क्षेत्र, हेतू आणि सोबतचा मंजूर नकाशा बघा. आदेश दहा गुंठ्यांचा आणि विक्री वीसची, हे मी स्वतः बघितलंय.

‘तीन ब’मध्ये २०० मीटरच्या पलीकडे घरासाठी तळमजला अधिक एक, उंची ९ मीटरपर्यंत, ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवूनच आर्किटेक्टला बसवा. स्वतःच्या राहण्याचं ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे स्थानिक प्राधिकरण सीआरझेडच्या बाजूने तपासून मंजुरी देऊ शकतं. त्याहून मोठं असेल तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागते आणि वेळ लांबतो. २९० चौरस मीटरचं नीटस घर की ५०० चौरस मीटरचा वाडा, हा निर्णय इथे फक्त हौसेचा नसतो.

थांबा: स्विमिंग पूल बोअरच्या पाण्यावर ठरवू नका. भरती रेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसा फक्त स्थानिक वस्तीच्या गरजेपुरता. २०० ते ५०० मध्ये दुसरा स्रोत नसेल तरच, साध्या विहिरीतून, हाताने. पंपाचं स्वप्न यात बसत नाही.

टप्पा ८: खारं वारं गृहीत धरून बांधा

शहरातला कंत्राटदार शहरासारखं बांधतो आणि पाचव्या वर्षी छताच्या सळया फुगून प्लॅस्टर खाली येतं. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे किनारी हवेत काँक्रीट किमान एम-३० प्रतीचं आणि सळईवरचं आवरण ४५ मिलिमीटर हवं. तुषार थेट लागत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. स्लॅब ओतण्याआधी फूटपट्टी घेऊन कव्हर ब्लॉक स्वतः मोजा. कंत्राटदाराला राग येईल, येऊ दे. पुळणीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी काँक्रीटमध्ये अजिबात नको.

भिंतींना चिरा (जांभा दगड) उत्तम. कड्या, बिजागऱ्या, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या. ३०४ ला इथे दोन पावसाळ्यांत तांबूस डाग पडतात. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावायचा मोह होतो. जूनमध्ये त्या काचेवर मिठाचा पांढुरका थर बसतो आणि समुद्र दिसायचा बंद होतो. पश्चिमेला खोल पडवी ठेवा. शोषखड्डा विहिरीपासून जेवढा दूर नेता येईल तेवढा न्या, वाळूतून घाण पाणी फार भराभर सरकतं.

तयार बंगला किंवा बंदिस्त संकुलातला व्हिला असेल तर

टप्पा १ ते ५ तसेच. वर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र जागेवरच्या बांधकामाशी ताडून बघा. पावसाळी शेड म्हणून मंजूर झालेली चौथी बेडरूम इथे नवी नाही. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी बघा. खाजगी बीच दाखवला तर हसून सोडून द्या, किनारा कोणाला विकता येत नाही.

घराच्या विम्यात वादळ आणि पुराचं कलम आहे का ते वाचा. निसर्गनंतर गावागावांत कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा इन्व्हर्टरपेक्षा मोठी सोय लागते. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्या नेणारी बोट) हवामान बघून चालते. म्हणून किल्ली हातात घेण्याआधी जुलैमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, रस्त्याने वडखळमार्गे या. किती वाजता पोहोचलात ते लिहून ठेवा, आणि रात्री तिथेच झोपा. सकाळी उठून खिडकीच्या कडीवर बोट फिरवा आणि चाखून बघा.